आऊटबोर्ड तापतंय, ओढत नाहीये? कार्बोरेटर उघडायच्या आधी या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या वर ओढलेल्या, त्यांच्या मागे बसवायची आऊटबोर्ड इंजिनं ताडपत्रीखाली. ऑगस्टात समुद्र जरा बसला की पहिल्याच फेरीला कोणाचं तरी इंजिन मालवणजवळच्या देवबागला, नदी समुद्राला मिळते त्या संगमावर दम सोडतं. दहा मिनिटं मस्त पळतं, मग आवाज जड होतो, थ्रॉटल पूर्ण पिळला तरी होडी पुढे सरकत नाही, आणि झाकण काढलं तर हात लावता येत नाही एवढं गरम. मग सगळे कार्बोरेटरच्या मागे लागतात, जेट साफ करतात, प्लग बदलतात, पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा तेच.

अहो, आधी पाणी बघा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पंप खालून वर खेचतो ते. तापणं आणि दम जाणं हे बहुतेक वेळा एकाच आजाराचे दोन त्रास असतात. इंजिन गरम झालं की पिस्टन फुगतो, सिलिंडरमध्ये घासायला लागतो, म्हणून ताकद जाते. नवीन इंजिनं तर बझर वाजवून स्वतःच आरपीएम खाली आणतात, आणि आपण समजतो पेट्रोल पोचत नाहीये आणि अजून पिळतो. किनारा जवळच आहे म्हणून तसंच ओढत नेलं की पिस्टन जाम, आणि मग खर्चाचं विचारू नका.

बझर वाजला किंवा आवाज बदलला की थ्रॉटल खाली, न्यूट्रल, आणि मागची पाण्याची धार बघा. धार नसेल तर लगेच बंद करा, आधी नांगर टाका, मग इंजिन वर उचलून पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकलंय का ते बघा. तापलेल्या इंजिनवर बादलीने पाणी मारणारे मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका, हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, वाकतं.

धारेबद्दल दोन गैरसमज आहेत. धार बंद म्हणजे पंप गेलाच असं नाही, पावसात कुंभारमाशी त्या छोट्या भोकात मातीचं घर करते, नाहीतर वाळू बसते, नायलॉनची जाड दोरी आत घालून बघा, कधी कधी एवढ्यानेच काम होतं. आणि उलट, धार जोरात आहे म्हणजे सगळं ठीक असंही नाही! धार एवढंच सांगते की पंप पाणी वर फेकतोय. ते पाणी सिलिंडरच्या भोवती सगळीकडे फिरतंय का हे ती सांगत नाही, आत मिठाचा थर बसला असेल तर धार छान असूनही इंजिन तापतं.

आता इम्पेलर. गिअरबॉक्सच्या वर पंपात बसलेला हा रबरी पंखा, त्याची पाती नेहमी वाकलेल्या स्थितीत असतात. दोन महिने इंजिन उभं राहिलं की ती तशीच वाकडी राहतात, वरून संगमावरची वाळू त्यांना घासत असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "चालू होतंय का बघू" म्हणून अंगणात कोरडं चालवणं. पाण्याशिवाय काही सेकंदात रबर जळतं. ड्रममध्ये चालवा, पाणी पंपाच्या वरपर्यंत हवं. आमच्या वाळूत मी दर सीझनला इम्पेलर बदलतो, कंपनीचं पुस्तक काहीही सांगो. जुना काढलात की पाती मोजा, एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर कुठेतरी अडकलेला आहे, तो शोधल्याशिवाय जोडू नका.

इथे माझ्याकडून झालेली चूक सांगतो. नवीन इम्पेलर टाकला, तरी इंजिन तापायचं. दोन दिवस गेले. गिअरबॉक्स परत चढवताना पाण्याची उभी नळी खालच्या रबरी बुशात बसलीच नव्हती, सगळं पाणी मध्येच सांडत होतं. तेव्हापासून मी चढवताना टॉर्च मारून बघतो, घाई करत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की उघडून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, अडकला म्हणून काढूनच टाकतात बरेच जण. तापायचं थांबतं, पण इंजिन कायम थंड राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे होतात, फोर स्ट्रोकमध्ये तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळायला लागतं. त्यापेक्षा दोऱ्याला बांधून गरम पाण्याच्या टोपात सोडा, उघडत नसेल तर नवा टाका. आणि गोड्या पाण्याने धुताना दोन मिनिटांत उरकू नका, इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला तरच पाणी आतपर्यंत जातं, दहा मिनिटं तरी द्या. बऱ्याच फोर स्ट्रोकला वेगळं नळीचं तोंड असतं, तिथून धुताना मात्र इंजिन बंदच ठेवायचं.

पाणी ठीक असेल तरच पेट्रोलकडे या. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की पाईपवरचा रबरी फुगा चपटा होतो आणि इंजिन गुदमरतं. एवढं साधं आहे, तरी यावर मेकॅनिक बोलावलेले मी पाहिलेत. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्याआधीचं उरलेलं पेट्रोल वापरूच नका. आणि टू स्ट्रोकला बाईकचं टू टी ऑइल नको, टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं मरीन ऑइलच घ्या. साधारण १ लिटरला २० मिली, पण तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा.

इंजिन जोरात फिरतंय पण होडी जात नाही, हा प्रकार वेगळा. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या आतलं रबरी बुश घसरतंय, किंवा जाळ्याची दोरी गुंडाळली आहे. इंजिन फार वर बसवलं असेल तर प्रोपेलरवरची आडवी प्लेट पाण्याबाहेर येते, पंपात हवा जाते, तेव्हाही तापतं.

एकदा चांगलं तापून बंद पडलेलं इंजिन थंड झाल्यावर चालू झालं तरी लगेच बाहेर जाऊ नका. सगळे प्लग काढून शेजारी ठेवा. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय, कॉम्प्रेशन चेक करून घ्या, आणि ते होईपर्यंत होडी किनाऱ्यावरच ठेवा.