ब्लडी ऐकून दचकू नका

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या रुग्णालयात नर्स म्हणून मला अकरावं वर्ष लागलंय. मिरज-सांगलीकडून नव्या मुली येतात. इंग्रजीच्या परीक्षेत छान गुण मिळवलेले असतात, तरी पहिल्याच आठवड्यात एखादीचे डोळे भरतात. ‘ताई, सात नंबरचे आजोबा शिव्या देतात हो.’ मी विचारते, शब्द काय होता? ‘ब्लडी.’ मग माझा दुसरा प्रश्न: कुणाला म्हणाले?

तेवढं एक बघायला शिका. ‘माय ब्लडी नी’ म्हणजे मेला गुडघा. आपली आजी नाही का म्हणत, ‘मेला पाऊस थांबेचना’? ब्लडी असाच पावसाला, बसला, गार झालेल्या चहाला लागतो. आनंदातही लागतो, ‘ब्लडी मार्व्हलस!’ आपल्या कानाला तो जड वाटतो, कारण आपण तो ‘ब्लडी फूल’ असा, खेकसणाऱ्या साहेबाच्या तोंडून शिकलो. इथेही तो एकेकाळी जडच होता. १९१४ साली लंडनमध्ये बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलवालीने तो रंगमंचावर उच्चारला तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. (पुलंची ‘ती फुलराणी’ याच नाटकावरून आली.) आज प्रसारणावर लक्ष ठेवणारी ऑफकॉम ही संस्था ब्लडी, डॅम, बगर यांना सौम्य शब्दांत धरते. २०१६च्या तिच्या पाहणीत ‘बोलॉक्स’ (म्हणजे ‘बकवास’) मात्र एक पायरी वर होता.

पण ‘यू’ म्हणून बोट तुमच्याकडे वळलं, की सौम्य शब्दही सौम्य राहत नाही. तेव्हा गिळून गप्प बसू नका. त्याच पाळीत इनचार्ज सिस्टरला सांगा, आणि शब्द होता तसाच लिहून ठेवा.

काही शब्द मुद्दाम वळण घेतलेले असतात. तोंडातून भलतंच निघायला लागतं आणि माणूस ते अर्ध्यात वळवतो, जसे आपण ‘तुझ्या ना...’ म्हणत ‘नानाची टांग’वर येतो. चष्मा पडला की आजीबाई म्हणतात, ‘ओ, शुगर!’ त्यांना साखर नको असते. चष्मा उचलून द्या आणि ‘हिअर यू आर’ म्हणा. हेल टाळायला हेक, डॅम टाळायला डार्न, गॉड टाळायला गॉश. ‘ब्लायमी’ तर ‘देव मला आंधळं करो’ या शपथेचा झिजून उरलेला तुकडा. ‘तिच्या आयला’ झिजून ‘च्यायला’ झालं, तसंच.

देवाच्या नावाबद्दल माझं मत ठाम आहे. ‘जीझस!’ इथे सर्रास ऐकू येतं, पण चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते लागतं. दुसऱ्याचा देव आपण तोंडात असा घेऊ नये. ‘ओ डिअर’ पुरतं.

अमेरिकी मालिका बघून आलेल्यांनी ‘पिस्ड’ जपून ऐकावा. तिकडे तो रागावलेला, इथे दारू चढलेला. नोंद करताना हा फरक महागात पडेल. ‘नॅकर्ड’ म्हणजे पार थकलेला. सहकाऱ्यांत चालतो, डॉक्टरांसमोर ‘टायर्ड’ म्हणा.

यांहून महत्त्वाचं म्हणजे साधे दिसणारे शब्द. एका सकाळी एक आजोबा मला हळूच म्हणाले, ‘नॉट टू क्लेव्हर टुडे, मी डक.’ ‘मी डक’ म्हणजे इकडचं ‘बाळा’, ते मला ठाऊक होतं. पहिल्या भागात मात्र हुशारीचा काही संबंध नव्हता, त्यांना बरं वाटत नव्हतं. मी थांबून विचारलं, ‘हाऊ डू यू मीन?’ तेव्हा ते छातीवर हात ठेवून बोलू लागले, आणि मी बीपीचं मशीन ओढून घेतलं.