फोर-व्हील लागत नाही? ताकद कुठे तुटते ते आधी शोधा

जुन्या एसयूव्हीत फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देणारी सोय) लागेनासे झाले की पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवर जातो. नेमकी तीच सगळ्यात महाग आणि उतरवायला सगळ्यात जड वस्तू. तिला हात लावण्याआधी पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद कुठे तुटते ते ठरवा. वाट ठरलेली आहे: लिव्हर किंवा बटण, ट्रान्सफर केस, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (केसमधून पुढे जाणारा फिरता दांडा), डिफरेन्शियल (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग), अ‍ॅक्सल, हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारा-सोडणारा भाग), चाक. यातली बरीचशी वाट गाडी जॅकवर घेऊन, काहीही न खोलता तपासता येते.

खालचे सगळे पार्ट-टाइम फोर-व्हीलसाठी आहे, म्हणजे एरवी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी. सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) असलेल्या गाड्यांना या चाचण्या जशाच्या तशा लागू होत नाहीत.

आधी वापरातली चूक नाही ना, ते बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत फोर-एच (चारही चाके, नेहमीचे गिअर) चालत्या गाडीत पडतो, पण चाके सरळ हवीत, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला हवा आणि वेग मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवा. फोर-एलसाठी (चारही चाके, कमी वेग, जास्त जोर) बहुतेक गाड्या थांबवाव्या लागतात. गिअर न्यूट्रलला, मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर क्लच पूर्ण दाबलेला. तरीही अडत असेल तर आत दातावर दात आलेला असू शकतो. गाडी वीतभर पुढे-मागे सरकवा आणि पुन्हा टाका. जोर लावून लिव्हर ओढली तर लिंकेज (लिव्हर आणि केस जोडणारे रॉड) वाकते, आणि मग एकाचे दोन बिघाड होतात.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर फार विसंबू नका. दिव्याचा स्विच बहुतेक वेळा ट्रान्सफर केसवर किंवा अ‍ॅक्सलवर असतो आणि तो फक्त आपल्या जागेची खबर देतो. स्विच ट्रान्सफर केसवर असेल तर हब तुटलेला असतानाही दिवा छान लागतो. उलट, फोर-व्हील नीट लागलेले असते आणि स्विचच्या पिनवर गंज असल्यामुळे दिवा विझलेला असतो. दिवा लुकलुकत राहिला तर मात्र सहसा अर्थ एकच: हुकूम गेला, पण काम पूर्ण झाल्याची पोच आली नाही.

जॅकवरची चाचणी

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एक गोष्ट हमखास विसरली जाते: ट्रान्सफर केस ‘एन’वर (न्यूट्रलला) असताना गिअर टाकलेला असला किंवा ऑटोमॅटिक ‘पी’वर असली तरी गाडी घरंगळू शकते. चाचणीभर इंजिन बंदच ठेवा. बटणाच्या गाडीत फोर-एच टाकण्यापुरती इग्निशन चालू करा.

फोर-एच टाका आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून बघा. मागची चाके जमिनीवर आहेत, त्यामुळे ट्रान्सफर केस जोडली गेली असेल तर शाफ्ट किंचित खेळ देऊन घट्ट अडतो. सरळ गोल फिरला तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या आधी आहे.

शाफ्ट अडला तर मॅन्युअल हब (हाताने डायल फिरवून लावायचे) ‘लॉक’ला घ्या आणि डावे चाक फिरवा. साध्या डिफरेन्शियलमुळे उजवे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. ते ढिम्म राहिले तर एक बाजू तुटलेली आहे. कोणती, ते कळायला डावे चाक फिरवा आणि जोडीदाराला त्याच्यामागच्या अ‍ॅक्सलकडे बघायला सांगा. अ‍ॅक्सल चाकाबरोबर फिरला नाही तर दोष डावीकडे. मग बाजू बदलून तेच करा.

ऑटोमॅटिक हबच्या गाडीत ही चाचणी निर्णायक नाही. ते हब अ‍ॅक्सल फिरायला लागल्यावरच लागतात, म्हणून गाडी मोकळ्या मातीवर फोर-एचमध्ये काही मीटर चालवूनच त्यांचा निकाल लावा.

शाफ्ट मोकळा फिरत असेल तर

लिव्हरच्या गाडीत जोडीदाराला लिव्हर हलवायला सांगा आणि खालून बघा. लिव्हर पूर्ण जाते, पण ट्रान्सफर केसवरची आर्म अर्धीच फिरते, असे दिसले तर लिंकेजचे नायलॉन बुश झिजले आहेत किंवा रॉडची लांबी बिघडली आहे. बुश बदला आणि रॉड मॅन्युअलप्रमाणे जुळवा. गिअरबॉक्सचे माउंट बसलेले असले तरी हेच होते, कारण लिव्हर आणि केस यांच्यातले अंतरच बदलते.

आर्म पूर्ण फिरूनही शाफ्ट मोकळा असेल तर आतला शिफ्ट फोर्क किंवा त्याचे पॅड झिजलेले असतात. फोर-एच पडतो पण जोर आला की सुटतो, तेव्हाही संशय त्यांच्यावरच. जोर दिल्यावर खालून ‘धाड’ असा आवाज येत असेल तर केसमधली साखळी ढिली होऊन दात उडी मारत असतील. केसचे ऑइल काढून बघा: बारीक राखाडी पावडर चालते, चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर केस उघडावी लागणार. ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. रिकामी केस आणि न सुटणारा प्लग ही जोडी फार छळते. काही केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) चालते, काहींत गिअर ऑइल, त्यामुळे अंदाजाने भरू नका.

बटणाच्या गाडीत आधी फ्यूज, रिले आणि बॅटरी. मग बटण दाबून शिफ्ट मोटरचा (केसवरची, फोर-व्हील टाकणारी मोटर) आवाज ऐका. आवाजच नसेल तर मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर लावून जोडीदाराला बटण दाबायला सांगा. व्होल्टेज क्षणभरच येते, म्हणून मीटर कमाल आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर हवा. साधारण १२ व्होल्ट आले, अर्थिंगही नीट आहे आणि मोटर गप्प आहे, तर मोटर उतरवा आणि शिफ्ट शाफ्ट पान्याने फिरवून बघा. तो सहज फिरला तर मोटर गेली, जाम असेल तर दोष केसमध्ये. नवी मोटर बसवताना मोटर आणि शाफ्ट दोन्ही एकाच स्थितीत, शक्यतो टू-एचला (फक्त मागची चाके), असू द्या. व्होल्टेजच येत नसेल तर बटण, वायरिंग, न्यूट्रल स्विच आणि स्पीड सेन्सर तपासा. गाडी थांबलेली आहे याची खात्री पटल्याशिवाय कंट्रोल युनिट फोर-एल पडू देत नाही.

शाफ्ट अडतो, पण चाक सुटे आहे

व्हॅक्यूमवर (इंजिनाकडून मिळणाऱ्या हवेच्या ओढीवर) चालणारे हब किंवा अ‍ॅक्सल डिस्कनेक्ट (अ‍ॅक्सल जोडणारी-सोडणारी यंत्रणा) असेल तर आधी नळ्या बघा. इंजिनाच्या उष्णतेने रबर टोकाशी कडक होते आणि जोडणीच्या अगदी खाली, बाहेरून न दिसणारी चीर पडते. नळी बोटांत धरून हलके वाकवा, चीर उघडते. इंजिन चालू असताना इंजिनाकडून येणाऱ्या नळीच्या काढलेल्या टोकावर अंगठा ठेवला तर ओढ स्पष्ट जाणवली पाहिजे. (हे गाडी चारही चाकांवर, न्यूट्रलला आणि टू-एचमध्ये असताना करा, स्टँडवर नको.) अ‍ॅक्चुएटरला (ओढीने दांडा हलवणारी डबी) व्हॅक्यूमच्या हातपंपाने मीटरवर १५ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम द्या. काटा मिनिटभर टिकला पाहिजे. हळूहळू घसरला तर डायफ्राम फाटला आहे. काटा टिकतो पण दांडा हलत नाही, तर फोर्क किंवा कॉलर गंजून अडकली आहे. दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारे-मिटणारे) असतील तर दोघांचा रेझिस्टन्स मोजून एकमेकांशी ताडून बघा. दोन नळ्यांचा अ‍ॅक्चुएटर असेल तर नळ्यांची अदलाबदल झालेली नाही ना हेही पाहा. तसे झाले की फोर-एचमध्ये सुटते आणि टू-एचमध्ये लागते.

मॅन्युअल हबचा आजार बहुधा ग्रीसचा असतो. डायल फिरते, पण आतली सरकती रिंग जुन्या घट्ट ग्रीसमध्ये रुतलेली असते आणि स्प्रिंगचा जोर तिला पुरत नाही. हब उघडा, रॉकेल किंवा डिग्रीझरने धुऊन कोरडा करा, दात आणि स्प्रिंग तपासा. पुन्हा ग्रीस लावताना पातळ थर पुरे. बेअरिंगसारखा ग्रीस ठासून भरला तर थोड्याच दिवसांत गाडी परत याच जागी येते. हब ठीक असूनही ती बाजू सुटी असेल तर सीव्ही जॉइंट (अ‍ॅक्सलचा वळणारा सांधा) किंवा अ‍ॅक्सलचा स्प्लाइन (टोकाचे दाते) तुटलेला आहे.

शेवटची चाचणी मातीवर किंवा खडीवरच घ्या. कोरड्या डांबरावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि फोर-एच सुटत नाही. पुढे आणि मागे कमी-जास्त झिजलेले टायर असले तरी हेच घडते. मोकळ्या मातीवर फोर-एचमध्ये सावकाश पूर्ण वळण घ्या: पुढची चाके माती खरवडत ओढतात आणि स्टिअरिंग जड लागते. मग टू-एचला आणून गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या, म्हणजे साठलेला पीळ निघतो आणि बऱ्याच प्रकारचे ऑटोमॅटिक हबही सुटतात.