प्राध्यापकांच्या शिकवण्याचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

मार्चमधली दुपार. कँटीनच्या कट्ट्यावर दोन पोरं मोबाइलवर फीडबॅक फॉर्म भरत होती. एकाचा अंगठा जरा थबकला, तसा दुसरा म्हणाला, "सगळ्यास्नी पाच मार आणि चल की, गारगोटीची एसटी चुकंल." आठ दिवसांनी तेच आकडे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी रंगीत आलेखात बसले. विभागाची सरासरी ४.८. आलेख मीच काढला होता. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं काम बघताना माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी ही पहिली.

फीडबॅक सत्र संपताना घेणं

परीक्षेच्या तोंडावर घेतलेल्या फीडबॅकचा आपल्याला काही उपयोग नाही, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. झालाच तर पुढच्या बॅचला होईल. मग पाच मारून मोकळं होतात. त्यापेक्षा पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोरा कागद द्या. नाव नको, प्रश्न तीनच: काय समजलं, कुठं अडलं, काय बदलावं. चिठ्ठ्या फक्त त्या शिक्षकानं वाचायच्या आणि पुढच्या तासाला वर्गात दोन मिनिटं बोलायचं: "पीपीटी फार पळतोय म्हणालात, आजपासून आकृती फळ्यावर काढतो. प्रॅक्टिकलला जादा वेळ मात्र मिळणार नाही, लॅब मोकळी नसते." नाही म्हटलेलंही पोरं समजून घेतात. चिठ्ठ्या घेऊन काहीच बोललं नाही, तर पुढच्या खेपेला कागद कोरे परत येतात.

मुलांना भलतंच विचारणं

"शिक्षकांचं विषयज्ञान कसं आहे?" हा प्रश्न एफवायच्या पोराला विचारून काय मिळणार? अमेरिकेत १९७० साली एका अभिनेत्याला 'डॉ. फॉक्स' नावानं तज्ज्ञ म्हणून उभं केलं होतं. बोलणं खुसखुशीत, आशय जवळजवळ शून्य. समोर बसलेले शिकले-सवरलेले, वैद्यकीय शिक्षणातले लोक; तरी बहुतेकांनी व्याख्यान वाखाणलं. १९७३ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आपल्याकडेही किस्से सांगून वर्ग डोक्यावर घेणारे आहेतच, आणि त्यांचे आकडे नेहमी झकास असतात. मुलांना त्यांनी पाहिलेलं विचारा: तास वेळेवर सुरू होतो का, मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं का, शंका विचारली तर काय होतं, तपासलेली उत्तरपत्रिका परत मिळते का. विषयाची खोली त्याच विषयाच्या दुसऱ्या माणसानं बघावी. प्रश्नपत्रिका आणि चार तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर घेतल्या की बरंच कळतं.

तास मोजले म्हणजे शिकवणं मोजलं, असं समजणं

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी, अध्यापनाची प्रतवारी आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर चांगलं, ७० ते ८० मध्ये समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास पडू नयेत म्हणून हे ठीकच. पण त्या तासात काय झालं, याबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. कॅसची फाइल कॅसला द्या, पण तिच्यावरून शिकवण्याबद्दल मत बनवू नका.

वर्गात तपासणीस होऊन बसणं

इथं मी सगळ्यात जास्त माती खाल्ली. वीस मुद्द्यांचा तक्ता घेऊन एसवायच्या रसायनशास्त्राच्या तासाला मागं जाऊन बसलो. मॅडमचा आवाज घशात अडकला, पोरं पुतळ्यागत. शेरा काय लिहिला, तर "फळ्याचा वापर वाढवावा." मॅडमनी सही केली. संपला विषय.

पुढच्या वेळी आदल्या दिवशी चहाला बसलो आणि विचारलं, "मॅडम, उद्या मी नेमकं काय बघू?" त्या म्हणाल्या, "सर, मी प्रश्न विचारते, पण कुणी बोलतच नाही. ते बघा." मग तक्ता घरी ठेवला. वहीत बाकांचा नकाशा काढला, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. त्या तासात मॅडमनी १४ प्रश्न विचारले. उत्तरं आली पहिल्या बाकावरच्या तिघांकडून. बाकीच्या प्रश्नांना मॅडमनीच उत्तर दिलं, तेही जेमतेम सेकंदाभरात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत हेच दिसलं होतं: शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. आमच्याकडे तर चंदगड-शाहूवाडीकडनं आलेल्या पोरीला इंग्रजी प्रश्न आधी मराठीत आणायचा असतो, उत्तर जुळवायचं असतं, मग परत इंग्रजीत न्यायचं असतं. एका सेकंदात कसं होणार?

मी नकाशा दाखवला, सल्ला दिला नाही. मॅडम बराच वेळ त्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "खिडकीकडची रांग तर पूर्ण कोरी आहे." पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहून शेजारच्याशी मराठीत बोलायला एक मिनिट द्यायला सुरुवात केली. खिडकीकडची रांग लगेच काही बोलकी झाली नाही. दोन पोरी बोलल्या.

प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र

प्राध्यापकांच्या प्रशिक्षण केंद्राचं नाव आधी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी, आता मालवीय मिशन. पाटी बदलली, तरी बढतीसाठी तिथं जाणारे आपण तेच. व्याख्यान कमी करा, हे सांगणारं तीन तासांचं व्याख्यान मी स्वतः ऐकलंय. (डुलकी लागली होती, कबूल.) कोर्स वाईट नसतात. परत आल्यावर त्यातलं एक तरी वर्गात करून बघायला कुणी विचारत नाही, घोडं तिथं पेंड खातं. कोर्सहून आलेल्याला महिन्याभरात दहा मिनिटांचा पाठ सहकाऱ्यांपुढं घ्यायला लावा. असा छोटा पाठ, म्हणजे सूक्ष्म अध्यापन, बीएडवाल्यांना पाठ आहे. एमएस्सी-नेट करून थेट वर्गात उभ्या राहिलेल्या आपल्याला ते कधी कुणी दाखवलेलंच नसतं.

सीएचबीवाल्यांना वगळणं

सीएचबीवाली, म्हणजे तासिका तत्त्वावर तासाप्रमाणे मानधन घेणारी मंडळी कॅसमध्ये नाहीत, म्हणून त्यांना बोलावतच नाहीत. कित्येक विभागांत एफवायचे निम्मे तास तेच घेतात. बोलवा, आणि त्या वेळेचं मानधनही द्या.

सुधारणेची वही बढतीच्या फाइलला जोडणं

बाकांचा नकाशा, चिठ्ठ्या, पाठाचं रेकॉर्डिंग यातलं काहीही कॅसच्या फाइलला गेलं, की पुढच्या वेळी वर्गात नाटकच बघायला मिळतं. खिडकीकडच्या कोऱ्या रांगेबद्दल मॅडम मला परत काही सांगतील का? म्हणून आमच्याकडे आता नियम केलाय: निरीक्षकाकडे फक्त तारीख आणि तास. वही शिक्षकाकडे. रेकॉर्डिंग शिक्षकाच्याच मोबाइलवर, आधी त्यानं एकट्यानं बघायचं, मग दाखवायचं की डिलीट मारायचं ते त्यानं ठरवायचं.