सेंद्रिय द्राक्षबाग : फवारा मारायच्या आधीची कामं

सेंद्रिय द्राक्ष करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग डाऊनीला, म्हणजे पानं-घड नासवणाऱ्या बुरशीच्या रोगाला, मारायचं काय? मारायचं नंतर बघू, आधी एवढं डोक्यात पक्कं बसवा की सेंद्रियमध्ये रोग आल्यावर तो बरा करणारं औषध जवळपास नाहीच. तांबं असो, गंधक असो, ते पानावर आधीपासून बसलेलं असेल तरच उपयोगाचं, आत शिरलेल्या बुरशीला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे निम्मं काम हाताने आणि डोळ्यांनीच होतं.

पहिलं म्हणजे बागेत हवा खेळली पाहिजे. भर दुपारी वेलीखाली उभं राहून जमीन बघा, उन्हाचे ठिपके पडलेले दिसले तर बरंय, नुसती गच्च सावली असेल तर वांझ फुटी आणि बगलफुटी काढायला घ्या. मणी सेट झाले की घडाजवळची दोन-चार पानं काढायची, पण सकाळच्या उन्हाच्या बाजूची, दुपारचं ऊन येतं तिकडची राहू द्या नाहीतर मणी भाजतात. आणि सेंद्रिय आहे म्हणून कोंबडखत ढिगाने टाकू नका. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि सगळ्या रोग-किडींना तीच आवडते.

आता डाऊनी. तापमान १० अंशाच्या वर, फुटी १० सेंटीमीटरच्या आणि एका दिवसात १० मिलिमीटर पाऊस, हे तिन्ही जुळलं की पहिली लागण होऊ शकते असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे फवारणी पावसाच्या आधी, नंतर नाही. पानावर तेलकट पिवळा डाग दिसतोय पण खात्री नाही, असं झालं तर ते पान ओल्या कागदासोबत पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव आली की समजायचं डाऊनीच आहे.

यावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण. १ टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद (यातच तांबं असतं), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, प्लास्टिकच्याच भांड्यात, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, उलटं नको. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच मारा आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. गंमत म्हणजे हे औषध सापडलं चोरांमुळे, फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांना कोणी हात लावू नये म्हणून शेतकरी मोरचूद-चुना शिंपडायचे, त्या वेलींवर डाऊनी कमी दिसली आणि १८८५ च्या सुमारास मिलार्दे या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने ते जगापुढे आणलं. पण तांबं मातीत साठत जातं, गांडुळांना त्रास होतो, युरोपात तर हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोच्या वर तांबं वापरू देत नाहीत, तेव्हा दिसले ढग की मार बोर्डो असं करू नका.

भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीचं, उलटं आहे, तिला पानावर पाणी लागत नाही, सावली आणि ढगाळ हवा पुरते. तिला गंधक, लेबलवरच्या प्रमाणात. पारा ३२ च्या वर असेल तर थांबा, आणि तेलाची फवारणी केली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं जळतात.

मिलीबगच्या, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या कापशी किडीच्या, बाबतीत मी स्वतः माती खाल्लीय. त्यांना खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे बागेत सोडले आणि काही दिवसांनी खोडावर मोठे मोठे पांढरे मिलीबग दिसले म्हणून ब्रशने घासून काढले, ते नेमके क्रिप्टोलिमसच्याच अळ्या निघाले! दिसायला सेम, अंगावर तसाच मेणाचा कापूस, फक्त आकाराने मोठ्या आणि चालायला भराभर. तर आधी जरा वेळ बघत बसा, मग हात लावा. छाटणीनंतर सुटलेली साल काढून बागेबाहेर न्या, आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मिलीबग सोडतात त्या गोड चिकट्यासाठी त्याच मिलीबगची राखण करतात आणि मित्रकिडींना हाकलतात. खोडाला पट्टी गुंडाळून त्यावर चिकट लेप दिला की मुंग्यांची ये-जा बंद होते, पण तारेला टेकलेलं गवत सोडलं तर तिथून चढतातच.

थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) फुलोऱ्याच्या आधीपासून पांढरा कागद घेऊन फिरा, शेंड्याखाली धरून टिचकी मारा, बारीक पिवळे किडे पळताना दिसले की निंबोळी अर्क सुरू. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि १०० लिटर करायचं, वर थोडा साबण. मारायचं संध्याकाळी, उन्हात त्यातला औषधी अंश लवकर मोडतो. ट्रायकोडर्मा वगैरे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या जिवंत बुरश्या बोर्डोच्या टाकीत कधीच मिसळू नका, तांबं त्यांनाही मारतं. त्या शेणखतात मुरवून मुळाशी द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला चिकटू न देता.