वेजवुडची जुनी बशी घेताय? या चुका टाळा

निळी बशी, वर पांढऱ्या ग्रीक बायका, म्हणजे वेजवुड, इंग्लंडचा चिनी मातीच्या भांड्यांचा ब्रँड, आणि वेजवुड म्हणजे अडीचशे वर्षं जुनं... इथूनच घोळ सुरू होतो. जोसाया वेजवुडने 1759 ला इंग्लंडमधल्या बर्सलेममध्ये स्वतःचा कारखाना काढला हे खरं, पण नंतर घरातल्या पिढ्यांनी तो चालवला आणि ब्रँड आजही चालू आहे, त्यामुळे हातातला पीस आजोबांच्या काळातला आहे का कालपरवाचा, ते बशी उलटी केल्याशिवाय कळत नाही.

उलटी केली की आधी स्पेलिंग बघा, खरं नाव Wedgwood. बहुतेक जण इथेच फसतात. जी आणि डब्ल्यूच्या मधे ई दिसला की समजा हे ते नाही. स्टॉकटनची विल्यम स्मिथ कंपनी असंच ई घातलेलं नाव ठोकून माल विकायची, शेवटी 1848 ला वेजवुडवाल्यांनी कोर्टातून बंद पाडलं. ‘वेजवुड अँड कंपनी’ असेल तर तो टनस्टॉलचा वेगळाच कारखाना. आणि ‘जे. वेजवुड’ बघून जे म्हणजे जोसाया म्हणून उड्या मारू नका, तो जॉन वेज वुड नावाचा दुसराच माणूस, नशीबच बघा!

मग ‘इंग्लंड’ शब्द. अमेरिकेच्या नियमामुळे 1891 पासून माल कुठल्या देशाचा ते लिहावं लागलं, म्हणजे ‘इंग्लंड’ असेल तर साधारण त्यानंतरचा. याचा उपयोग कोड वाचताना होतो. 1860 ते 1906 या काळात मातीत तीन अक्षरं दाबलेली असायची, हाच तो कोड, शेवटचं अक्षर वर्षाचं. पण दर 26 वर्षांनी अक्षर परत येतं, ए म्हणजे 1872 पण आणि 1898 पण. खाली ‘इंग्लंड’ असेल तर 1898 धरा.

‘जोसायाच्या हातची बोन चायना’ (म्हणजे हाडांची राख घातलेली पांढरी चिनी माती) असं कोणी सांगितलं तर सरळ पुढे चला. तो गेला 1795 ला आणि कंपनीने बोन चायना सुरू केली 1812 ला, मुलाच्या काळात. जोसाया म्हणजे डार्विनचे आजोबा हेही सेलर लोक आवर्जून सांगतात, खरंय ते, पण त्याने बशीचं वय वाढत नाही.

राहिलं जॅस्पर या प्रकारच्या भांड्यांचं, म्हणजे तीच निळी. त्या बायका रंगवलेल्या नसतात, वेगळ्या साच्यातून काढून भाजायच्या आधी चिकटवलेल्या असतात. वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतं म्हणून कोपऱ्यात मळ बसतो, तेव्हा मऊ ब्रश घ्या, तारेची घासणी अजिबात नको.