नव्या शाळेत रुळावे कसे

शाळा बदललेल्या मुलाला मोठी माणसे दोन सल्ले हमखास देतात: सगळ्यांशी हसून बोल, आणि घाबरू नकोस. पन्नास मुलांच्या वर्गात सगळ्यांशी बोलत फिरणारे मूल शेवटी कोणाचेच होत नाही, आणि सांगितल्याने कोणाची भीती गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. वडील वनखात्यात असल्यामुळे माझे स्वतःचे शिक्षण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा असे बदलीच्या हुकुमामागे फिरत झाले, आणि पुढे नागपुरात शिक्षिका म्हणून, दर वर्षी सत्राच्या सुरुवातीला वर्गाच्या दारात दप्तराचे बंद दोन्ही हातांनी धरून उभी राहिलेली मुले मी पाहत आले आहे. रेल्वे, कोळसा खाणी, आयुध निर्माणी, वायुसेना, बँका यांच्या बदल्यांमुळे या शहरात नवे मूल ही काही अपूर्वाई नाही. तरीही त्याला मिळणारे सल्ले मात्र तेच ते आणि निरुपयोगी असतात. माझे म्हणणे असे आहे, की मैत्री मागून मिळत नाही. एकाच माणसाबरोबर रोज, आपसूक जाणाऱ्या वेळातून ती होते. तेव्हा नव्या विद्यार्थ्याने मित्र शोधत बसण्यापेक्षा असा वेळ कुठे मिळेल ते आधी पाहावे.

शाळा उघडण्यापूर्वी

गणवेश, पुस्तके, बूट यांविषयी सांगण्याची गरज नाही. दाखल्याविषयी मात्र पालकांना सांगितले पाहिजे, कारण दाखला अडला म्हणून वर्गात तीन आठवडे उशिरा आलेल्या मुलाला जमलेल्या जोड्यांत शिरावे लागते आणि ते फार अवघड जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आला नाही, एवढ्या कारणावरून शासकीय किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही आणि लांबवताही येत नाही. हे कलम कार्यालयात शांतपणे, पण लेखी अर्जात नमूद करावे.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तर उर्वरित महाराष्ट्रातल्या साधारण जूनच्या मध्यावर. पुण्या-मुंबईकडून आलेल्या कुटुंबाला त्यामुळे आठ-दहा दिवस जास्तीचे मिळतात. ते नवनीताच्या गठ्ठ्यावर न घालवता, आपल्या वस्तीतून त्या शाळेत कोण जाते आणि कोणत्या व्हॅनने किंवा ऑटोने जाते, याची चौकशी करण्यात घालवावेत. मानेवाडा असो, प्रतापनगर असो की वाडी, खालच्या किराणा दुकानात ही माहिती शाळेच्या कार्यालयापेक्षा लवकर मिळते. व्हॅनचे महत्त्व पुढे येईलच.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी मधल्या रांगेत बसावे, हजेरी चालू असताना नावे ऐकावीत आणि संध्याकाळी त्यांपैकी पाच आठवतात का ते पाहावे. पहिल्या दिवसाचा एवढाच अभ्यास आहे. त्याची धास्ती उगाच घेतली जाते.

बोलण्याविषयी

बाहेरून आलेल्या मराठी मुलाला नागपुरात एका गोष्टीचा धक्का बसतो. वर्गात, बाईंशी मराठी बोलणारी मुले मैदानावर उतरली की हिंदीत भांडू लागतात, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मराठी आहे तेही त्यात असतात. याला इतिहास आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी दोन्ही मुलूख असलेल्या प्रांताची राजधानी होते, आणि बाजारातली ती सवय इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत अजून टिकून आहे. त्यात भर म्हणून इथल्या मराठीत ‘करून राहिलो’, ‘काहून’ असे प्रयोग सर्रास येतात. नव्या मुलाने त्यांची नक्कल करू नये, कारण ओढूनताणून आणलेली बोली लगेच ओळखू येते आणि ती चेष्टा वाटते. दुरुस्ती तर मुळीच करू नये. समोरच्याला ‘शुद्ध’ मराठी शिकवायला निघालेला पुणेकर मुलगा दिवाळीपर्यंत एकटा बसलेला मी पाहिला आहे. आपल्या बोलण्याला कोणी हसले तर आपणही हसावे आणि आपल्याच भाषेत बोलत राहावे. महिन्याभरात दोन्हीकडचे शब्द आपोआप मिसळतात.

मधली सुट्टी

खरी परीक्षा इथे आहे, आणि तीही पहिल्या आठवड्यात नव्हे. पहिल्या आठवड्यात नवे मूल हा कुतूहलाचा विषय असतो. कुठून आला, तिकडची शाळा कशी होती, इथे कुठे राहतो, असे विचारणारे त्याच्याभोवती जमतात. घरी जाऊन तो सांगतो, की खूप मित्र झाले. तिसऱ्या आठवड्यात हे कुतूहल सरते, प्रत्येक जण आपापल्या जुन्या कोंडाळ्यात परततो आणि डबा उघडून कोणाजवळ बसायचे हा प्रश्न अचानक समोर येतो. मलाही प्रत्येक गावात हाच आठवडा सर्वांत जड गेला, आणि याबद्दल आगाऊ सांगणारे कोणी भेटले नाही. तिसऱ्या आठवड्यातील शांतता म्हणजे नापसंती नव्हे, हे मुलाला आधीच सांगून ठेवले तर निम्मे ओझे कमी होते.

या काळात काय करू नये ते प्रथम सांगते. उपाहारगृहात सगळ्यांना आलूबोंडे खिलवू नयेत. खिशातले पैसे असेपर्यंत रांग राहते आणि पैशांबरोबर ती जाते. ‘आमच्या आधीच्या शाळेत असे नव्हते’ हे वाक्य निदान दिवाळीपर्यंत तोंडातून काढू नये, मग आधीची शाळा कितीही चांगली असो. मागच्या बाकांवरच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत गाजणाऱ्या टोळक्यात शिरण्याचा प्रयत्न करू नये, कारण तिथे जागा मिळालीच तर ती शेवटची मिळते आणि ती टिकवण्यासाठी रोज काहीतरी करून दाखवावे लागते.

करायचे ते असे. वर्गात एकाकी नसलेला, पण थोडा सुटा पडलेला एखादा विद्यार्थी असतोच. जूनमध्ये तुकड्या बदलल्या की कोणाचा तरी जिवलग ‘अ’ तुकडीत जातो आणि हा ‘ब’ मध्ये राहतो. नव्या मुलासाठी तोच योग्य. त्याच्याकडे मैत्री मागू नये, एका विषयाची वही मागावी. ‘भूमितीचा पहिला धडा माझ्या वहीत नाही, आज घरी नेऊ का, उद्या सकाळी देतो’ असे सुट्टी संपता संपता म्हणावे; सुट्टीच्या सुरुवातीला नव्हे, कारण तेव्हा त्याचे लक्ष डब्यात असते. वही दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी, कोपरे न मुडपता परत करावी. एका मागणीतून दोन भेटी होतात आणि दुसरी भेट विश्वासाची असते. सगळ्या विषयांच्या वह्या एकदम मागणाऱ्याला ही दुसरी भेट मिळत नाही, उलट ‘चिकट’ असे नाव पडते.

चालू खेळात शिरण्याची रीतही शिकावी लागते. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी दुसरी-तिसरीतली मुले चालू खेळात कशी शिरतात याचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. जी मुले मध्येच प्रश्न विचारत होती, स्वतःविषयी सांगत होती किंवा मतभेद काढत होती, त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक होती. आमच्या मैदानावर मला रोज हेच दिसते. क्रिकेट चालू असताना ‘मला घेता का?’ असे विचारणाऱ्याला ‘टीम फुल आहे’ हे उत्तर तयार असते. त्याऐवजी कुंपणाजवळ उभे राहावे, सुटलेला चेंडू अडवून नीट फेकावा, चांगल्या फटक्याला दाद द्यावी. दोन-तीन दिवसांत कोणीतरी ओरडून सांगतेच, की तू तिकडे उभा राहा. एक टप्पा बाद की नाही, भिंतीला लागले तर किती धावा, हे त्यांचे नियम असतात. ते चुकीचे वाटले तरी पहिला महिना मान्य करावेत.

डब्याविषयी पालकांना एक विनंती. चमच्याने खाण्याचा पदार्थ देऊ नये. सांबारवडी (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर), पराठ्याचे तुकडे, थालीपीठ असे हाताने उचलता येणारे काही असले की डबा मध्ये ठेवता येतो. ‘घे ना, घे ना’ असा आग्रह मात्र मुलाने करू नये. डबा उघडा ठेवून आपले खात राहिले तरी पुरते.

या साऱ्याने काही मुलांचे भागत नाही, हेही मला ठाऊक आहे. कोकणातून सातवीत आलेली एक मुलगी पाच मिनिटांत डबा संपवून नळावर जायची, बाटली भरायची, हलवायची, ओतून टाकायची आणि पुन्हा भरायची. घंटा होईपर्यंत हेच चाले. लांबून पाहणाऱ्याला ती कामात दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू. तिला ‘मैत्रिणी कर’ असे सांगण्यात अर्थ नव्हता. फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम मी तिला आणि दुसऱ्या एका मुलीला मिळून दिले. एकीने पुस्तकातून वाचायचे, दुसरीने लिहायचे, आणि खडू एकच. पहिले काही दिवस त्या दोघी फक्त सनावळीपुरत्या बोलल्या, नंतर अक्षरावरून भांडल्या, आणि भांडण झाल्यावर मला निश्चिंत वाटले. लाजऱ्या मुलासाठी पालकांनी वर्गशिक्षकांकडे नेमके हेच मागावे: दोघांनी मिळून, रोज, सुट्टीत करण्याचे एखादे छोटे काम. ‘जरा लक्ष असू द्या’ या विनंतीवर शिक्षकालाही काय करावे ते कळत नाही.

व्हॅन आणि रस्ता

कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, नव्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास एकत्र घालवलेले सुमारे ५० तास आणि घट्ट मैत्रीस २०० पेक्षा अधिक तास लागतात, असा अंदाज मांडला आहे. तो अभ्यास प्रौढांचा आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा होता, त्यामुळे शाळकरी मुलांना तो तंतोतंत लावू नये; पण हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एका बाकावर बसलेले सहा तास यात धरता येत नाहीत, कारण तेव्हा बोलायला बंदी असते. उरते अर्ध्या तासाची सुट्टी. आठवड्याचे पाच दिवस धरले तर अडीच तास होतात आणि ५० तासांना वीस आठवडे लागतात, म्हणजे नोव्हेंबर उजाडतो. तेच मूल व्हॅनमध्ये किंवा सायकलवर कोणाबरोबर जाऊन-येऊन रोज एक तास घालवत असेल, तर सुट्टी धरून आठवड्याचे साडेसात तास होतात आणि तोच पल्ला ऑगस्टच्या मध्यावर गाठला जातो. आई-वडिलांनी स्वतःच्या गाडीवर रोज नेऊन सोडणे हे प्रेमाचे असते, पण नव्या मुलाचे सर्वांत मोलाचे तास त्यात जातात. अंतर झेपण्यासारखे असेल तर पहिले सत्र तरी त्याला इतरांबरोबर जाऊ द्यावे.

मैदानावर प्रश्न विचारू नयेत असे वर म्हटले, ते रस्त्यावर लागू नाही. वाटेवर विचारण्याजोगी एक गोष्ट नागपूर स्वतःच पुरवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि त्यांच्यामागे बडगे, म्हणजे लोकांच्या रागाचा विषय झालेल्या माणसांचे नि गोष्टींचे पुतळे. बाहेरच्या मुलाने ही मिरवणूक पाहिलेली नसते आणि इथल्या मुलाला तिच्याविषयी सांगायला फार आवडते. तू कुठून पाहतोस, या वर्षी बडग्या कोणाचा असेल, असे विचारले की बऱ्याचदा सोबत येण्याचे निमंत्रणच मिळते. ते आले तर घरच्यांनी गर्दीचे कारण पुढे करून मोडू नये. एखादे मोठे माणूस बरोबर द्यावे.

पालकांनी काय टाळावे

शाळा सुटल्यावर रोज ‘आज कोणाशी बोललास?’ अशी उलटतपासणी घेऊ नये. डब्यात काय उरले, हे पाहून जास्त कळते. पहिल्याच महिन्यात सगळ्या वर्गाला बोलावून वाढदिवस साजरा करू नये. जुन्या गावच्या मित्रांशी फोनवर बोलणे तोडू नये, पण ते रात्रीच्या जेवणानंतर ठेवावे, कारण संध्याकाळी पाच ते सात ही वस्तीतल्या मैदानाची वेळ असते.

एकटेपणा आणि छळ यांत मात्र गल्लत करू नये. डबा पळवणे, वही फाडणे, जात, रंग किंवा बोलण्यावरून रोज ठरवून चिडवणे, व्हॅनमध्ये मारणे हे ‘रुळेल हळूहळू’ म्हणून सोडून देण्याचे प्रकार नव्हेत. तारीख आणि प्रसंग लिहून वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांना लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. शिक्षकाकडूनच मारहाण किंवा मानसिक छळ होत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तो निषिद्ध आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलाला पाठ असू द्यावा.

मूल रुळले की नाही, हे त्याच्या मित्रांची नावे मोजून ठरवू नये. तापाने दोन दिवस घरी राहिल्यावर तिसऱ्या दिवशी ‘काल काहून नाही आला बे?’ असे विचारणारा एक जण वर्गात असेल, तर पुरेसे आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तसा एकही नसेल, तर दुसरे सत्र सुरू होण्याच्या आधीच वर्गशिक्षकांना भेटून बाक बदलून घ्यावा, शक्य असल्यास व्हॅनही बदलावी आणि स्नेहसंमेलनाच्या समूहनृत्यात किंवा नाटकाच्या पडद्यामागच्या कामात त्याचे नाव घालावे. त्याच्या तालमी साधारण डिसेंबरात सुरू होतात आणि नावे त्याआधीच घेतली जातात.