अमेरिकेत अम्ब्रेला पॉलिसी घेताना: खालची लिमिट आधी जुळवा

अमेरिकेत गाडीच्या आणि घराच्या विम्यात एक भाग दायित्वाचा असतो. तुमच्यामुळे कुणाला इजा झाली आणि त्याने दावा लावला, तर भरपाई कंपनी देते आणि वकीलही तीच लावते. पण हे सगळं पॉलिसीवर लिहिलेल्या लिमिटपर्यंतच. कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याची सक्तीची किमान लिमिट १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ आहे. म्हणजे एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ६० हजार आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी १५ हजार. न्यू जर्सीत हाच आकडा २०२६ पासून ३५/७०/२५ झाला. मणक्याचं एक ऑपरेशन आणि आठवडाभर हॉस्पिटल, एवढ्यातच हे पैसे संपतात. घराच्या पॉलिसीवर तुम्ही मुद्दाम वाढवून घेतली नसेल, तर दायित्वाची लिमिट बहुतेक वेळा एक लाख डॉलर असते.

अम्ब्रेला पॉलिसी या दोन्हींच्या वर बसते, म्हणजे खालची लिमिट संपली की पुढची भरपाई ती देते, आणि एकेक मिलियन डॉलरच्या टप्प्याने मिळते. ती विकत घेणं अगदी सोपं आहे, ऑनलाइन काम अर्ध्या तासात होतं. घोळ होतो तो खालच्या पॉलिसींशी तिचा सांधा जुळवण्यात.

प्रत्येक अम्ब्रेला कंपनी खालच्या पॉलिसींवर किमान किती लिमिट हवी हे ठरवून देते. सर्रास मागितली जाणारी अट म्हणजे गाडीवर २५०/५००/१०० आणि घरावर किंवा भाड्याच्या अपार्टमेंटच्या रेंटर्स पॉलिसीवर तीन लाख. काही कंपन्या पाच लाख मागतात. ही अट फक्त अर्जाच्या दिवशी पाळून भागत नाही, पॉलिसी चालू असेपर्यंत पाळावी लागते. मोडली तर काय होतं ते आकड्यांत बघा. गाडीची लिमिट १००/३०० आहे, अम्ब्रेलाची अट २५०/५०० ची आहे. स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबली नाही, एक सायकलस्वार जखमी झाला आणि निकाल नऊ लाखांचा लागला. गाडीची कंपनी एक लाख देईल. अम्ब्रेला अडीच लाखांच्या वरचे साडेसहा लाख देईल. मधले दीड लाख तुमच्या खिशातून जातील. अम्ब्रेलाचा प्रीमियम तुम्ही वर्षानुवर्षं वेळेवर भरलेला असला तरीही.

कुणी जाणूनबुजून अशी फट ठेवत नाही. गाडीची पॉलिसी बरेचदा सहा महिन्यांची असते. दुसरीकडे चाळीस डॉलर स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदलली जाते आणि नव्या कोटमध्ये लिमिट गुपचूप १००/३०० वर येते. किंवा क्रेडिट कार्डाची मुदत संपते, ऑटोपे फसतो आणि पॉलिसी बंद पडते. अम्ब्रेला वेगळ्या कंपनीची असेल तर तिला यातलं काहीच कळत नाही. कळतं ते थेट क्लेमच्या वेळी. म्हणून गाडी, घर आणि अम्ब्रेला एकाच कंपनीकडे असणं सोयीचं, थोडं महाग पडलं तरी. ते जमत नसेल तर आरएलआयसारख्या कंपन्या स्वतंत्र अम्ब्रेला देतात. त्या एजंटमार्फत मिळतात आणि खालच्या पॉलिसी कुठल्याही कंपनीच्या चालतात. मात्र मग दर रिन्यूअलला लिमिट तपासायचं काम तुमचं.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही पॉलिसींची डेक्लरेशन पेजेस डाउनलोड करा. एक-दोन पानांचा हा कागद असतो आणि सगळी लिमिट त्यावरच असतात. मग गाडीची आणि घराची लिमिट वाढवून घ्या. रेंटर्स पॉलिसीवर एक लाखाचे तीन लाख करायला वर्षाला अगदी थोडे पैसे पडतात. वाढीव लिमिट ज्या तारखेपासून लागू होते, त्याच किंवा त्यानंतरच्या तारखेपासून अम्ब्रेला सुरू करा. उलट केलंत तर मधले दिवस वर सांगितलेल्या फटीतले.

किती घ्यावी? एजंट तुमची एकूण मालमत्ता विचारून तेवढा आकडा सुचवेल. हा हिशेब अर्धवट आहे. ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यामधल्या पैशांना १९७४ च्या एरिसा कायद्याचं संरक्षण असतं, सामान्य दावेदाराचा हात तिथे पोचत नाही. आयआरएला, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्याला, किती संरक्षण आहे ते राज्यागणिक बदलतं. राहत्या घराचंही तसंच: टेक्सास आणि फ्लोरिडात या संरक्षणाला घराच्या किमतीची मर्यादा नाही, न्यू जर्सीत राज्याच्या कायद्यात घरासाठी अशी खास सवलत नाही. उघडे पडतात ते बचत खातं, शेअर्सचं ब्रोकरेज खातं, हातात आलेले आरएसयू (कंपनीने पगाराबरोबर दिलेले शेअर). आणि बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो तो पुढचा पगार. केंद्रीय कायद्यानुसार कोर्टाच्या हुकमाने हातात पडणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा कापला जाऊ शकतो. काही राज्यं, उदाहरणार्थ टेक्सास, अशा निकालांसाठी पगार कापू देत नाहीत. न्यू जर्सीत निकाल २० वर्षं जिवंत राहतो. त्यामुळे दोघंही नोकरी करणारं, खात्यात फारसं काही न साठलेलं तिशीतलं जोडपं ‘आमच्याकडे आहेच काय’ म्हणत असेल, तर त्यांचं गणित चुकतंय. आमच्या मते त्यांनी एक मिलियन घ्यावी. घरात गाडी चालवणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन.

खर्चाचं म्हणाल तर दोन गाड्या, एक घर आणि स्वच्छ रेकॉर्ड असलेल्या कुटुंबाला पहिल्या मिलियनसाठी वर्षाला १५० ते ३०० डॉलर, हा बरीच वर्षं सांगितला जाणारा आकडा. टीनएजर ड्रायव्हर आला की तो वर जातो. दुसरा मिलियन पहिल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. आधीची लिमिट वाढवण्याचा खर्च वेगळा धरा, कधीकधी तो अम्ब्रेलाच्या प्रीमियमइतका निघतो.

अर्जात काहीही लपवू नका. घरातले परवानाधारक सगळे, गाड्या सगळ्या, बोट, पोहण्याचा तलाव, ट्रॅम्पोलिन, कुत्रा आणि त्याची जात. भाड्याने दिलेलं दुसरं घर असेल तर त्यावर आधी स्वतंत्र लँडलॉर्ड पॉलिसी हवी, आणि ते घर अम्ब्रेलाच्या यादीत चढवायला हवं. ते एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नावावर असेल तर वैयक्तिक अम्ब्रेला बहुधा लागू होत नाही. राहतं घर लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या ट्रस्टमध्ये) टाकलं असेल तर ट्रस्टचं नाव पॉलिसीवर घालून घ्या. माहिती दडवल्याचं क्लेमच्या वेळी निघालं तर कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते.

भारतातून आईबाबा सहा महिने राहायला येतात तेव्हा दोन गोष्टी बघायच्या. बाबा इथे गाडी चालवणार असतील तर आधी गाडीच्या कंपनीला कळवा. नेहमी चालवणाऱ्याचं नाव पॉलिसीवर असावं अशी अनेक कंपन्यांची अपेक्षा असते. दुसरं, आई जिन्यावरून पडली तर घराच्या दायित्वावर किंवा अम्ब्रेलावर विसंबू नका. घरात राहणारा नातेवाईक पॉलिसीच्या भाषेत ‘विमाधारक’ ठरू शकतो, आणि विमाधारकाची स्वतःची इजा दायित्वातून वगळलेली असते. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्सच लागतो.

यावरूनच पुढचं. अम्ब्रेला तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरते, तुमचं झालेलं नाही. किमान लिमिटवाल्या ड्रायव्हरने तुम्हाला उडवलं तर अम्ब्रेला गप्प बसेल. त्यासाठी गाडीवर अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर, म्हणजे समोरच्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल तेव्हाचं कव्हर, वाढवून घ्या. काही कंपन्या अम्ब्रेलावरही हे कव्हर जास्तीचे पैसे घेऊन जोडून देतात. विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

व्यवसायही वगळलेला असतो. दिवाळीला घरून फराळाच्या ऑर्डर घेता आणि अनारशांबरोबर गेलेल्या चिवड्यातल्या शेंगदाण्यांनी एखाद्या मुलाला ॲलर्जीचा झटका आला, तर तो धंदा. एअरबीएनबीवर दिलेली खोली, पैसे घेऊन तळघरात चालवलेला तबल्याचा क्लास, हेही त्यातच. मंडळाच्या कार्यकारिणीत बिनपगारी काम करत असाल तर काही पॉलिसी शारीरिक इजेपुरतं कव्हर देतात, पण जमाखर्चाच्या किंवा कारभाराच्या वादासाठी मंडळाचीच डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स पॉलिसी लागते. हॉलवाले जे विम्याचं सर्टिफिकेट मागतात, तेही मंडळाच्याच नावाचं हवं.

उलट एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. खऱ्या अर्थाची अम्ब्रेला बदनामीच्या दाव्यातही कामी येते, जो घराच्या साध्या पॉलिसीत सहसा नसतो. तेव्हा खालची पॉलिसी नसल्याने डिडक्टिबलसारखी, म्हणजे विम्याआधी आपल्या वाट्याची, एक ठरलेली रक्कम आधी तुम्ही भरता. खालच्या पॉलिसीची फक्त लिमिट वाढवणाऱ्या निव्वळ ‘एक्सेस’ पॉलिसीत हे मिळेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी एजंटला लेखी विचारा.

अपघात झालाच तर जागेवर चूक कबूल करू नका आणि पैसे देऊ करू नका. क्लेम छोटा वाटला तरी गाडीच्या आणि अम्ब्रेलाच्या, दोन्ही कंपन्यांना लगेच कळवा. उशिरा कळवलं हे कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. समोरच्या वकिलाचं मुदतीचं मागणीपत्र आलं तर त्याच दिवशी दोघींकडे पाठवा. कोर्टाचे कागद हातात पडल्यावर उत्तराची मुदत कॅलिफोर्नियात साधारण ३० दिवस, न्यू जर्सीत ३५ दिवस असते. कागद कधी आणि कुणाच्या हातात पडले ते लगेच लिहून ठेवा, कंपनीने नेमलेला वकील सगळ्यात आधी तेच विचारतो.